प्रभातच्या फाटकावरची नीरा

जुलै १९३९. पुण्यातील प्रभात फिल्म कंपनीच्या फाटकापाशी त्याच कंपनीची नामवंत गायिका-अभिनेत्री उपोषणास बसली. तिचे नाव शांता आपटे. वाद करारातील अटींचा आणि वेतनाचा होता. आजही हा प्रसंग बहुधा ‘नटीचा हट्ट’ म्हणून, हसत हसत सांगण्याचा किस्सा म्हणून ऐकवला जातो. हा न्याय नव्हे.

१९३२च्या ‘श्यामसुंदर’पासून पडद्यावर आलेल्या या मुलीचे नाव ‘अमृतमंथन’ने (१९३४) सर्वदूर नेले. तो काळ नटाने स्वतःच्या गळ्याने गाण्याचा होता. केशवराव भोळे यांच्या चाली ती केवळ सुरात गात नसे. डोळे, मान, हात सारे गाण्यात उतरत असे. पुढे आले ‘कुंकू’ (१९३७). ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून व्ही. शांताराम यांनी केलेल्या या चित्रपटातील नीरा वृद्ध विधुराशी फसवून लावलेले लग्न मानावयास नकार देते. चित्रपटात स्वतंत्र पार्श्वसंगीत नाही. नीरा गाते ती ग्रामोफोनच्या साथीवर, आणि एका प्रसंगी चक्क लाँगफेलोची इंग्रजी कविता. योगायोग असा की त्याच वर्षी शांघायमध्ये झोऊ शुआन ही अशीच गाणारी नटी ‘स्ट्रीट एंजल’मुळे चिनी प्रेक्षकांच्या गळ्यातील ताईत झाली.

नीरेच्या बंडाला समाजाने सुधारणा म्हटले. दोनच वर्षांनी तेच बंड पडद्याबाहेर आले, तेव्हा मात्र तो हेकटपणा ठरला!

स्टुडिओच्या जमान्यात कलावंत मासिक पगारावर बांधलेला असे. चित्रपट कोणता, भूमिका कोणती, हे कंपनी ठरवी. परवानगीवाचून अन्यत्र काम करण्याची सोय नसे. कंपनीचीही बाजू होती, हे मान्य करावयास हवे. प्रभातची शिस्त नावाजलेली होती, मालक स्वतः राबत, आणि शांताबाईंची कीर्ती प्रभातच्याच छत्राखाली वाढली होती. परंतु घडविल्याच्या उपकारापोटी माणूस कायमचा मिंधा राहावा, हा युक्तिवाद टिकणारा नाही. बेटी डेव्हिस १९३६ साली अशाच कराराविरुद्ध लंडनच्या न्यायालयात लढली आणि हरली. ऑलिव्हिया डी हॅविलँड १९४४ साली कॅलिफोर्नियात जिंकली. हॉलिवूडच्या इतिहासकारांनी या खटल्यांना हक्कांच्या लढ्यात स्थान दिले. शांताबाईंनी न्यायालयाऐवजी त्या काळी देशभर ओळखीचे झालेले उपोषणाचे हत्यार उचलले, एवढाच काय तो फरक.

तो हट्ट नव्हता याचा पुरावा त्यांनी स्वतःच ठेवला. १९४० साली त्यांचे ‘जाऊ मी सिनेमात?’ हे पुस्तक निघाले. त्यात चित्रपटधंद्याची, तिथल्या पिळवणुकीची आणि दमणुकीची चिकित्सा आहे. तारकेचे मोहक आत्मचरित्र शोधणाऱ्याची तेथे निराशाच होईल.

प्रभात सुटली, तरी गाणे थांबले नाही. १९४१च्या तमिळ ‘सावित्री’साठी त्या तमिळ शिकल्या, त्या चित्रपटात नारदाच्या भूमिकेत होत्या एम. एस. सुब्बलक्ष्मी. पुढे भूमिका विरळ होत गेल्या, आणि १९६४ साली त्यांचे निधन झाले.

प्रभातच्या त्याच वास्तूत १९६० साली सरकारी चित्रपट संस्था उभी राहिली. २०१५ साली तेथील विद्यार्थ्यांनी १३९ दिवस संप केला. त्याच्या बातम्या देशभर गाजल्या. १९३९ची आठवण मात्र फारच थोड्यांना झाली.