आधी गाडी कुठे उभी राहणार ते विचारा

ऑइल बदलायला आलेलं गिऱ्हाईक पैसे देता देता विचारतं, "मिस्त्री, घरात सहा माणसं आहेत, गाडी कुठली घेऊ?" आणि आपण हात पुसत पुसत एका कंपनीचं नाव सांगून मोकळे होतो. त्या एका शब्दावर समोरचा माणूस पाच-सात वर्षांचं कर्ज डोक्यावर घेतो. शोरूममधला पोरगा आपली गाडी खपवायला बसलाय, हे त्याला कळतं. यूट्यूबवरचा एक दिवस गाडी फिरवून बोलतोय, हेही कळतं. तुमचा शब्द मात्र तो खरा धरतो, कारण गाड्या उघडून बघणारे तुम्ही. पालघर आणि बोईसर-तारापूर पट्ट्यातल्या गॅरेजवाल्यांशी या अंकात त्याच शब्दाबद्दल बोलायचं आहे. थोडं कडू लागेल.

विचारणारे वाढले आहेत. २२ सप्टेंबर २०२५ ला, ऐन घटस्थापनेला, चार मीटरच्या आतल्या छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्के अधिक उपकर होता तो सरसकट १८ टक्क्यांवर आला. पेट्रोल-सीएनजीला १२०० सीसीची आणि डिझेलला १५०० सीसीची मर्यादा ठेवून. सेकंडहँडचा विचार करणारा नवी बघू लागला, नवी घेणाऱ्याने जुनी विकायला काढली, आणि दोघंही आधी आपल्याच दारात येतात.

आपल्याला नक्की काय माहीत असतं? गाडी नवी असते तोवर वॉरंटीपायी कंपनीच्या वर्कशॉपला जाते. आपल्याकडे ती येते चौथ्या-पाचव्या वर्षी. त्यामुळे एखाद्या कंपनीबद्दलचं आपलं मत हे तिच्या पाच वर्षांपूर्वीच्या गाड्यांबद्दलचं असतं. फियाटच्या १.३ लिटर मल्टिजेट डिझेलवर आपली एक अख्खी पिढी घडली. ते इंजिन स्विफ्टमध्ये होतं, इंडिका व्हिस्टामध्ये होतं, पुंटो-लिनियात तर होतंच; लोक गमतीने त्याला राष्ट्रीय इंजिन म्हणायचे. ते डोळे मिटून खोलणारे हात अजून आहेत. पण १ एप्रिल २०२० ला बीएस-६ आलं, मारुतीने डिझेलच बंद केलं, आणि आज गिऱ्हाईक विचारतंय ते तीन सिलिंडरच्या टर्बो पेट्रोलबद्दल. तिथे जुन्या इंजिनाची पुण्याई सांगून भागत नाही.

दुसरी गफलत मोजणीची. "अमक्या कंपनीच्याच गाड्या सारख्या रॅम्पवर चढतात" असं आपण छातीठोक सांगतो. देशात विकल्या जाणाऱ्या दहा प्रवासी गाड्यांत साधारण चार मारुतीच्या असतात. रॅम्पवर त्याच जास्त दिसणार. मोजायचं तर शेकड्यात मोजा: या मॉडेलच्या किती गाड्या आपल्याकडे नियमित येतात आणि त्यांतल्या किती रस्त्यात बंद पडल्या. जर्मनीत एडीएसी ही वाहनधारकांची संघटना रस्त्यात अडकलेल्या गाड्यांना मदत पाठवते आणि त्या कॉलवरून कुठलं मॉडेल किती दगा देतं याची आकडेवारी दरवर्षी छापते. तिथलाच टीयूव्ही अहवाल सक्तीच्या तपासणीतून निघतो. बोईसरच्या गिऱ्हाइकाला सहज मिळेल असं त्या तोडीचं काही नाही. त्याच्यासाठी आहेत ती तुमची जॉबकार्डं, आणि ती बरेच जण मार्च संपला की रद्दीत घालतात. ती ठेवा. नंबर, किलोमीटर आणि काम आपण लिहितोच. त्यात दोन रकाने वाढवा. गाडी रात्री कुठे उभी असते, आणि पार्ट यायला किती दिवस लागले.

पहिला रकाना कशासाठी, ते गाडी वर घेतली की दिसतं. एकाच कंपनीचं, एकाच वर्षाचं, एकाच रंगाचं मॉडेल. एक गाडी मनोर-विक्रमगडकडची, दुसरी सातपाटीची. मनोरच्या गाडीचा तळ कंपनीच्या रंगावर शाबूत असतो आणि सातपाटीच्या गाडीच्या रनिंग बोर्डाखाली स्क्रू-ड्रायव्हर टेकवला की आत जातो. मुरबे, दांडी, नवापूर, चिंचणी, डहाणू, सगळीकडे हीच कथा. मीठ पत्र्यावर बसतं, हवेतली ओल त्याला सुकू देत नाही, आणि चिखल साचतो त्या कोपऱ्यांतून गंज आत शिरतो: चाकाच्या कमानीची आतली घडी, मागच्या ॲक्सलचा ब्रॅकेट, ब्रेकची नळी जिथे क्लिपमध्ये बसते तिथे. ब्रेकची नळी तर वरून कळतही नाही. क्लिप काढून बोट फिरवलं तरच खडबडीत लागते.

एमआयडीसीत यात आणखी एक भर पडते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या निर्देशांकात तारापूर ९३.६९ गुणांनी देशात पहिलं आलं होतं. तो आकडा हवा, पाणी आणि जमीन मिळूनचा आहे, गाडीच्या पत्र्याचा नाही. पण कारखान्याच्या गेटबाहेर शिफ्टभर उभ्या राहणाऱ्या गाडीचं बॉनेट हाताने चाचपून बघा. रंगावर टाचणीच्या डोक्याएवढे पांढुरके डाग, पॉलिशने न जाणारे. तीच हवा आत कंडेन्सरच्या ॲल्युमिनियमला खाते, एसीचा गॅस वर्षाला भरावा लागतो, आणि गिऱ्हाईक म्हणतं या कंपनीचा एसीच बोगस.

गाडी बदनाम होते ती अशी. वायरिंगचं उदाहरण याहून बोलकं आहे. एबीएसचा दिवा लागला, स्कॅनर लावला, त्याने चाकाच्या सेन्सरचं नाव सांगितलं. सेन्सर बदलला, दिवा गेला, आठ दिवसांनी परत लागला. मग कोणीतरी कनेक्टर उघडतो तर पिना हिरव्या पडलेल्या, किंवा अर्थिंगचा बोल्ट गंजाने निम्मा झालेला. सेन्सर चांगलाच होता. तोवर त्या माणसाने नाक्यावर दहा जणांना सांगितलेलं असतं की अमक्या गाडीचं इलेक्ट्रॉनिक्स घेऊ नका, आणि त्यातले दोघं आपल्याकडे तेच ऐकून येतात. आपणही मान डोलावतो.

मासळीसाठी वापरलेल्या ईकोची गोष्ट तर स्वतंत्रच. बर्फाचं खारट पाणी मॅटखाली मुरतं. विकायच्या आधी सेंट मारून वास घालवता येतो. मॅटखालचा पत्रा परत आणता येत नाही. किनारपट्टीची सेकंडहँड ईको तपासायला आली तर इंजिन चालू करण्याआधी मागची मॅट उचला. आणि अंडरबॉडी कोटिंग करणाऱ्या डेंटर मंडळींना एक विनंती: दारांच्या आणि रनिंग बोर्डाच्या खालची पाणी निघायची भोकं बुजवू नका. कोटिंग केल्याचं समाधान गिऱ्हाइकाला, आणि पाणी आतल्या आत.

म्हणून "कुठली गाडी" या प्रश्नावर आपला पहिला प्रश्न "उभी कुठे राहणार" हा हवा. दुसरा, "रोज किती आणि कुठे चालणार".

बोईसर स्टेशनजवळ राहणारा आणि चार-पाच किलोमीटरवरच्या कंपनीत जाणारा माणूस डिझेल एसयूव्ही मागत असेल तर त्याला तिथेच थांबवा. बीएस-६ डिझेलच्या डीपीएफमध्ये काजळी जमते आणि ती जळून जायला गाडी बराच वेळ एका वेगात धावावी लागते. नवापूर नाक्याच्या गर्दीत, पहिल्या-दुसऱ्या गिअरवर, ते कधी होणार? तीच गाडी रोज चिल्हार फाट्यावरून हायवेला लागून वापीला जाणाऱ्याकडे वर्षानुवर्षं कुरकुरत नाही. यातली विश्वासू गाडी कुठली, ते कंपनी सांगू शकणार नाही. सीएनजीचंही तसंच. पैसे वाचतात, वादच नाही. पण सात माणसं, एसी आणि सामान घेऊन वाघोबा खिंड किंवा जव्हारचा घाट चढताना काय वाटतं ते घेणाऱ्याने एकदा भरल्या गाडीनिशी चालवून बघावं. सिलिंडरची हायड्रो टेस्ट दर तीन वर्षांनी लागते, हे विकणारा क्वचितच आठवणीने सांगतो. खाऱ्या हवेत सिलिंडरच्या पट्ट्याखालचा गंज बघायचं कामही आपलंच आहे. पेट्रोलच्या जुन्या गाड्यांना आता ई-२० पचवायचं आहे. ई-१० साठी बेतलेल्या चारचाकींचं ॲव्हरेज सहा-सात टक्क्यांनी उतरू शकतं, असं नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच लिहिलं होतं. २०२३ च्या आधीची गाडी घेणाऱ्याला हे आधी सांगा, नंतर नको. नंतर तो तुमच्या ट्यूनिंगला नावं ठेवतो.

आता कंपन्यांकडे येऊ. गिऱ्हाईक दोन नावांची तुलना करतं तेव्हा ती दोन नावं कधीकधी एकाच गाडीची असतात. बलेनो आणि ग्लान्झा, एर्टिगा आणि रुमिऑन यांच्या खाली झोपून बघणाऱ्याला फरक शोधावा लागतो. मॅग्नाइट-किगर, टायगुन-कुशाक यांचेही सांगाडे भावाभावांचे. शेवटची जोडी तर आपल्या चाकणलाच तयार होते. इथे बॅजची भांडणं लावण्यापेक्षा वॉरंटी, सर्व्हिस सेंटरचं अंतर आणि हातात पडणारी किंमत बघायला सांगावं. ग्लान्झा घ्या, वॉरंटी जास्त आहे, असं सांगणारे अजून भेटतात. तेव्हा ते खरं होतं. जुलै २०२४ पासून मारुतीनेही वॉरंटी दोन वर्षं-४०,००० किलोमीटरवरून तीन वर्षं-१ लाख किलोमीटरवर नेली, आणि तो मुद्दा संपला. सल्ला मात्र अजून फिरतोय.

दुसरा रकाना, पार्ट यायला लागलेले दिवस, इथे कामाला येतो. गाडी किती वेळा बिघडली यापेक्षा बिघडल्यावर किती दिवस उभी राहिली, याचा त्रास कुटुंबाला जास्त होतो. शेवरोलेची भारतातली विक्री २०१७ अखेरीस थांबली आणि २०२० च्या डिसेंबरात तळेगावचा कारखाना बंद झाला. आता ती जागा ह्युंदाईकडे आहे. फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये इथलं उत्पादन थांबवत असल्याचं जाहीर केलं. डॅटसन २०२२ मध्ये गेली. यातल्या काही गाड्या यंत्र म्हणून फार चांगल्या होत्या, आजही आहेत. फिल्टर, ब्रेक पॅड, क्लच प्लेट मिळत राहतात. अडतं ते हेडलाइट, दाराचं काच चढवायचं मशीन, एखादं मोड्यूल यांच्यापाशी. स्वस्तात मिळणारी फोर्ड कोणी घेत असेल तर घेऊ नको म्हणायची गरज नाही. दुसरी गाडी घरात आहे का, एवढं विचारा. असेल तर खुशाल घेऊ दे.

सुरक्षेचं गणित गिऱ्हाइकांना हल्ली तारे मोजून येतं, आणि ते चांगलंच आहे. भारत एनकॅपची चाचणी १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाली, डिसेंबरात हॅरियर आणि सफारीला पहिले पाच तारे मिळाले. पण तारे चाचणीतल्या नव्या सांगाड्याला असतात. समोरून ठोकून डेंटरकडे सरळ करून आणलेल्या किंवा खालून सडलेल्या सेकंडहँड गाडीला ते चिकटलेले नसतात. आणि चारोटी आपल्याच जिल्ह्यात आहे. ४ सप्टेंबर २०२२ ला तिथल्या सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्रींची मर्सिडीज कठड्यावर आदळली. मागे बसलेले दोघं गेले, आणि मागच्या दोघांनी पट्टे लावले नव्हते असं पोलिसांनी सांगितलं. त्यानंतर काही दिवस सगळ्यांनी मागचे पट्टे शोधले. शोधलेच म्हणायचं, कारण पालघरातल्या कितीतरी गाड्यांत मागच्या पट्ट्यांची बकलं सीटकव्हरच्या खाली गाडलेली असतात. कव्हर बसवणारा बकल वर काढत नाही, मालक मागत नाही. सीटच्या बाजूला एअरबॅग असेल तर घट्ट शिवलेलं कव्हर तिचीही वाट अडवतं. तपासणीत हे दोन मुद्दे लिहायला पाच मिनिटं लागत नाहीत.

तपासणी म्हटली की पैशांचा विषय आलाच. सेकंडहँड गाडी "जरा नजर टाक" म्हणून आणली जाते आणि आपण चहावर ती बघून देतो. फुकट बघितलेली गाडी वरवरच बघितली जाते. रॅम्पवर घेणं, चाकं काढणं, स्कॅनर लावणं, कॉम्प्रेशन बघणं यात दोन-अडीच तास जातात, तेवढा वेळ चहावर कोणी देत नाही. शिवाय दलाल मागच्या दाराने येऊन हजार-दोन हजार ठेवून जातो, "गाडी ठीक आहे एवढं सांग" म्हणतो. घेणारे घेतात, हे सगळ्यांना माहीत आहे, घेणाऱ्यांनाही. तो पैसा घेतला की विकणाऱ्याचं काम केलं, घेणाऱ्याचं नाही. मग त्याच्याकडून वर्षभराच्या सर्व्हिसिंगची अपेक्षा कशाला?

म्हणून फी लावा. बोर्डवर लिहा, आधी सांगा, पावती द्या. कागदावर काय बघितलं आणि काय बघता आलं नाही, हे दोन्ही लिहा. गिअरबॉक्स खोललेला नाही, तर खोललेला नाही असं. एमपरिवहनवर आरसी, विमा, कर्जाचा बोजा घेणाऱ्याच्या समोरच तपासा. गंजाचे फोटो त्याच्या मोबाइलवर पाठवा, कारण "तळाला थोडा गंज आहे" हे वाक्य पनवेलच्या माणसाला एक सांगतं आणि नवापूरच्या माणसाला दुसरं. कंपनीचं नाव त्या कागदावर एकदाच यावं, वर, गाडीच्या नंबराशेजारी. आणि गिऱ्हाइकाने गाडी घेतली तरी, नाही घेतली तरी, फी तेवढीच.