उपाशी आहे म्हणून इन्सुलिन बंद?

“बाई उपाशी आहे ना, मग इन्सुलिन कशाला?” प्रसूतिगृहात हे वाक्य आजही ऐकू येतं. ऐकून डोकं फिरतं.

टाईप वन मधुमेहात शरीर स्वतःचं इन्सुलिन जवळपास बनवतच नाही. बाहेरचं थांबवलं की काही तासांत रक्तात आम्ल साठायला लागतं. आई आणि पोटातलं बाळ, दोघांच्या जिवावर बेतू शकतं. उपाशी असेल तर ग्लुकोजचं सलाईन लावा, पण सोबत इन्सुलिन चालूच ठेवा. कळा सुरू झाल्या की दर तासाला साखर बघा. साधारण ७० ते १२६ मध्ये राहू द्या. वार पडली की इन्सुलिनची गरज एकदम उतरते. तेव्हा गरोदरपणातलाच डोस दिला तर साखर धोकादायक खाली जाते. बाळाला लवकर पाजा, त्याचीही साखर तपासा.

यात महागडं यंत्र कुठलं? ग्लुकोमीटर, पट्ट्या, सलाईन, इन्सुलिन आणि भिंतीवर चिकटवलेला एक कागद!

सरकार गरोदर बायांना ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून तपासायला सांगतं. चांगलंच आहे. पण ती तपासणी गरोदरपणात उद्भवणाऱ्या मधुमेहाची. लहानपणापासून सुई टोचून घेणाऱ्या मुली आता आया होताहेत, त्यांचं काय?

वर टोमणा आहेच: “शुगर असताना मूल कशाला?” अहो, माणसाला पहिलं इन्सुलिन १९२२ साली दिलं गेलं. शंभर वर्षं उलटली. प्रत्येक प्रसूतिगृहात तो कागद लागलाच पाहिजे. आणि डोस ठरवताना आधी तिला विचारा. रोज तीच मोजते.