पऱ्हाटीच्या आठव्या पानाचा प्रश्न

पऱ्हाटी, म्हणजे कापसाचे झाड, मांडीएवढी झाली की तिच्या खोडावर एक हिशेब करून पाहता येतो. खालचे एखादे पान धरायचे, त्याच्या देठाशी दोरा बांधायचा आणि तो वरच्या एकेका पानाच्या देठाला टेकवत खोडाभोवती गुंडाळत न्यायचा. पुढचे पान आधीच्या पानाच्या डोक्यावर येत नाही, त्याच्या पुढचेही येत नाही. दोऱ्याचे तीन वेढे पूर्ण होतात तेव्हा कुठे सुरुवातीच्या पानाच्या जवळजवळ सरळ रेषेत एक पान सापडते. सुरुवातीचे पान सोडून मोजले तर ते असते आठवे. वनस्पतिशास्त्रज्ञ याला ३/८ पर्णविन्यास म्हणतात. लागोपाठच्या दोन पानांमध्ये साधारण १३५ अंशांचा कोन पडतो. एका झाडावर हा फेरा डावीकडे फिरतो, तर शेजारच्या झाडावर तो उजवीकडे फिरलेला दिसू शकतो.

कापूस पिकवणाऱ्याच्या दृष्टीने ही नुसती गंमत नाही. खोडावर जिथे पान, त्याच्याच बेचक्यात फांदी. म्हणजे पानांचा क्रम तोच फांद्यांचा क्रम, आणि त्यावरच पाती-फुले कुठे लागणार, बोंडे कुठे धरणार हे ठरते. गळफांदी काढायची, शेंडा खुडायचा, हे तंत्र अलीकडे वऱ्हाडातले शेतकरी वापरू लागले आहेत. त्यांचा हात नेमका याच रचनेवर चालत असतो. गळफांदी मुख्य खोडासारखी सरळ वाढत जाते. फळफांदीचे प्रत्येक पेर मात्र फुलाशी संपते, पुढची वाढ शेजारच्या डोळ्यातून होते, आणि म्हणून ती नागमोडी दिसते. तिच्यावर पाने दोन बाजूंना आळीपाळीने येतात. त्याच झाडाची बी उगवली तेव्हा पहिली दोन दले समोरासमोर होती. एका पऱ्हाटीवर पानांच्या तीन तऱ्हा! असे असूनही शाळेत जास्वंद एकाआड एक, रुई समोरासमोर, कण्हेर मंडलाकार असे तीन कप्पे पाठ करून घेतले जातात आणि धडा संपतो. हे असे का आणि कसे झाले, हा प्रश्न विचारलाच जात नाही.

प्रश्न विचारला गेलाच, तर एक तयार उत्तर हाती ठेवले जाते. १, १, २, ३, ५, ८, १३ ही फिबोनाचीची माला (पऱ्हाटीचे ३ आणि ८ तिच्यातलेच) निसर्गाने ठरवून दिली आहे आणि त्यामुळे प्रत्येक पानाला जास्तीत जास्त ऊन मिळते, असे ते उत्तर. (फिबोनाचीने ही माला १२०२ साली मांडली. छंदशास्त्रातल्या मात्रा मोजताना विरहांक आणि हेमचंद्र यांनी ती त्याच्या आधीच मांडली होती.) उत्तर ऐकायला गोड आहे, पण वऱ्हाडातले वावर त्याला साक्ष देत नाही. ज्वारीची पाने दोनच रांगांत येतात, तरी तिचे उन्हावाचून काही अडत नाही. मेळघाटच्या जंगलातला साग सुपाएवढ्या पानांच्या जोड्या एकमेकींना काटकोनात लावत वर जातो आणि जंगलावर राज्य करतो. कापसाचे पान तर दिवसभर सूर्याच्या रोखाने पाते वळवत असते. देठ लांबवून, पाते कलवून, पेरांमधले अंतर वाढवून सावली टाळता येते. कार्ल निक्लस यांनी संगणकावर झाडे उभी करून हेच दाखवले होते. उन्हाचा फायदा खरा, पण कोन कुठून आला याचे ते पुरेसे उत्तर नाही.

त्याचे उत्तर शेंड्यात दडले आहे. विल्हेल्म होफमाइस्टर यांनी १८६८ मध्ये सांगितले होते की, शेंड्यावर नवे पान आधीच्या पानांपासून जिथे सर्वांत मोकळी जागा असते तिथे फुटते. जागा कशी ठरते, हे कळायला पुढे सव्वाशेहून अधिक वर्षे गेली. वाढीचे संप्रेरक ऑक्झिन शेंड्यावर जिथे साचते तिथे पानाचा अंकुर धरतो, आणि तो अंकुर आसपासचे ऑक्झिन स्वतःकडे ओढून घेतो. मग त्याच्या अगदी जवळ दुसरे पान धरू शकत नाही. स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी टोमॅटोच्या शेंड्यात ऑक्झिनची वाहतूक रोखली, तेव्हा पाने यायची थांबली. त्याच उघड्या शेंड्यावर ऑक्झिनचा बारीकसा ठिपका ठेवल्यावर तिथे पान फुटले.

१९९२ मध्ये पॅरिसच्या स्तेफान दुआदी आणि इव्ह कूदेर यांनी वनस्पती बाजूलाच ठेवली. तेलाच्या बशीत, चुंबकीय क्षेत्रात, त्यांनी लोहचुंबकी द्रवाचे थेंब ठरावीक अंतराने मध्यभागी सोडले. थेंब एकमेकांना ढकलत बाहेर सरकत गेले. थेंब पडण्याचा वेग वाढवला, तसा दोन थेंबांमधला कोन १३७.५ अंशांकडे, म्हणजे फिबोनाचीच्या मालेशी जुळणाऱ्या कोनाकडे, झुकला. तिथे ना जनुक होते, ना ऊन. एकमेकांना दूर सारणे आणि येण्याचा वेग, एवढ्यावर ती माला उमटली. त्यामुळे उत्क्रांतीने अंश मोजून कोन निवडला असे मानण्यापेक्षा, शेंड्याचा आकार, पाने येण्याची गती आणि ऑक्झिनची वाहतूक यांत ती बदल करत गेली आणि कोन त्यातून आपोआप निघाला, असे म्हणणे अधिक पटते.

मग ही माला झाडांना पहिल्यापासूनच लाभली होती का? स्कॉटलंडमधल्या ऱ्हायनी गावाजवळच्या गारगोटीच्या खडकात ४० कोटी ७० लाख वर्षांपूर्वीच्या वनस्पती पेशींसकट टिकून आहेत. त्यांतल्या अ‍ॅस्टेरोझायलॉन या वनस्पतीच्या शेंड्यांची त्रिमित रचना होली-अ‍ॅन टर्नर, सँडी हेदरिंग्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्याने उभी केली. २०२३ च्या जूनमध्ये ते काम ‘सायन्स’मध्ये आले. पानांची चक्रे होती, पण त्यांचे आकडे फिबोनाचीच्या मालेत बसत नव्हते. ही वनस्पती आजच्या लायकोपोडियमच्या कुळातली. त्या कुळात पाने वेगळी उत्क्रांत झाली आणि नेचे व बीजधारी वनस्पतींच्या शाखेत वेगळी. म्हणजे आज ठिकठिकाणी दिसणारी माला ही सगळ्या पानांना एकाच पूर्वजाकडून आलेली वारसाहक्काची ठेव नव्हे. निदान या जुन्या कुळात तरी सुरुवात दुसऱ्याच रचनांनी झाली होती.

हे सारे शिकवायला वऱ्हाडाइतकी सोयीची जागा शोधून सापडणार नाही. पंजाबराव देशमुखांनी अमरावतीत श्री शिवाजी शिक्षण संस्था १९३२ मध्ये उभी केली. अकोल्याचे कृषी विद्यापीठ १९६९ पासून त्यांच्याच नावाने चालते. एकीकडे शाळा-महाविद्यालये आहेत, दुसरीकडे पिकांची प्रात्यक्षिके आणि शेतकऱ्यांना शिवार दाखवणारी शिवारफेरी आहे. या दोन्हींना जोडायला फार पैसा लागत नाही. विद्यार्थ्याच्या हाती दोरा आणि वही असली की झाले. त्याने देशी कापूस आणि अमेरिकन कापूस शेजारीशेजारी मोजावा. तिळाची खालची पाने समोरासमोर आणि वरची एकाआड एक का होतात, ते कितव्या पेरापासून होते, हे टिपावे. सूर्यफुलाच्या तबकातली डावी-उजवी चक्रे मोजावीत. किती झाडे डावखुरी निघाली, याचा आकडा लिहावा. मालेत न बसणारे झाड सापडले तर ते खोडून न टाकता वेगळे नोंदवावे, कारण शेंड्यात काय बिघडले हे शोधायला तेच झाड उपयोगी पडते.

खरिपाचे पीक उभे असेपर्यंतच हे करता येते. त्यामुळे परीक्षेच्या वेळापत्रकाआधी पेरणीचे वेळापत्रक पाहून प्रात्यक्षिकाचा तास ठेवावा लागेल, आणि तो ऑगस्टमध्ये ठेवला तर पऱ्हाटी, तूर आणि ज्वारी एकाच फेरीत मोजून होतील.