सुया मुलाच्याही हाती द्या

आईकडून मुलीकडे आलेलं विणकाम आता संपत चाललं, अशी हळहळ थंडीच्या तोंडावर हमखास ऐकू येते. हळहळ रास्त आहे. विणकामाच्या मुळाशी सुलट आणि उलट हे दोनच टाके; पण लोकर बोटावर किती ताणायची, निसटलेला टाका कसा उचलायचा, गळ्याला टाके कुठे कमी करायचे, हे शेजारी बसूनच हातात उतरतं. व्हिडिओ टाका दाखवतो, आपला टाका कुठे चुकला ते सांगत नाही. म्हणून घरातली शिकवणी मोलाची. मात्र ती मुलीपुरतीच का ठेवायची? पेरूमधल्या तितिकाका सरोवरातील ताकिले बेटावर सुयांचं विणकाम पुरुष करतात आणि मुलगे ते लहानपणीच शिकतात. तिथल्या वस्त्रकलेला युनेस्कोने २००५ साली गौरवलं.

बाजारात स्वस्त स्वेटर मिळत असताना हा खटाटोप कशाला, असं कुणी विचारेल. विल्यम ली याने विणकामाचं यंत्र १५८९ मध्येच बनवलं, तरी हातांनी सुया सोडल्या नाहीत; कारण विणणाऱ्याला केवळ कपडा नको असतो. या परंपरेने मुलींना घरात जखडलं, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. पण दोष सक्तीचा, सुयांचा नव्हे. सक्ती काढा, मुलालाही शेजारी बसवा. शिकणारे हात दुप्पट झाले, तर परंपरा टिकण्याची शक्यताही वाढेल.