गोचिडांवरच्या अर्काची ताकद कोण सांगणार?



गोचिडांवर झाडपाल्याचा अर्क फवारा, हा सल्ला आता प्रत्येक दूध उत्पादक मेळाव्यात मिळतो. तो चुकीचा नाही, पण अर्धवट आहे आणि त्याची किंमत आम्हीच मोजतो.

अर्काची गरज खरी आहे. डेल्टामेथ्रिन, सायपरमेथ्रिन अंदाजाने पातळ करून वर्षानुवर्षे मारल्याने अनेक भागांत गोचीड या औषधांना दाद देईनासे झाले आहेत. आयव्हरमेक्टिन दुधात उतरते. संकरित गाई तर गोचीडतापाला चटकन बळी पडतात.

पण निंबोळीकडून विषारी औषधासारखा झटका मागू नये. तिच्यातले अॅझाडिरॅक्टिन गोचिडाची भूक, कात टाकणे आणि अंडी घालणे बिघडवते. संध्याकाळी फवारून सकाळी जिवंत गोचीड पाहणारा शेतकरी ‘पाल्याने काही होत नाही’ म्हणत पुन्हा रासायनिक बाटलीकडे वळतो. हा घटक उन्हात लवकर निकामी होतो, म्हणून अर्क ताजाच हवा, हेही त्याला कुणी सांगितलेले नसते. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने प्रसारित केलेल्या कृतीत कडुनिंबासोबत लसूण, वेखंड, हळद, तुळस आणि घाणेरीचा पाला आहे. ती फवारणी गोचीड जाईपर्यंत दर आठवड्याला करायची असते, आणि गोठ्याच्या भेगांतही. ही भेगांतली फवारणी सगळ्यात महत्त्वाची. रक्त पिऊन टम्म फुगलेली मादी गाईच्या अंगावरून गळून पडते आणि भिंतीच्या फटीत, गव्हाणीखाली दोन-तीन हजार अंडी घालते. नुसती गाय फवारून हा वंश कसा संपेल?

दुसरा मुद्दा प्रमाणाचा. पिकांसाठीच्या निंबोळी कीटकनाशकावर अॅझाडिरॅक्टिन ३००, १५००, १०००० पीपीएम असे स्पष्ट छापलेले असते. जनावरांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक तेलांवर मात्र ‘शुद्ध, आयुर्वेदिक’ एवढेच. त्यात औषधी घटक किती, हे न कळता आम्ही पैसे द्यायचे! शिवाय वनस्पतीचे म्हणजे निर्धोक, ही समजूत घातक आहे. तंबाखूच्या पाण्यातले निकोटीन कातडीतून शोषले जाते, गाय ते चाटतेही, आणि त्याने विषबाधा होते. सीताफळाच्या बियांची पूड डोळ्यात गेली तर डोळ्याला गंभीर इजा करते.

नागपूरच्या महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाने आणि पशुसंवर्धन विभागाने निंबोळी, करंज, सीताफळ, निरगुडी यांच्या अर्कांच्या चाचण्या शेतकऱ्यांच्या चालू गोठ्यांत घ्याव्यात. किती पाण्यात किती अर्क, किती दिवसांनी, गाभण गाईला चालतो की नाही, हे साध्या मराठीत छापून प्रत्येक पशुवैद्यकीय दवाखान्याच्या भिंतीवर लावावे. आणि घटकाचे प्रमाण न छापणाऱ्या बाटल्यांची विक्री सरकारने थांबवावी.

— एक दूध उत्पादक, संगमनेर