पैशाविरुद्ध बत्तीसशे मैल

वॉशिंग्टनमधली ‘के स्ट्रीट’ म्हणजे बड्या कंपन्यांसाठी खासदारांकडे शब्द टाकणाऱ्या लॉबीवाल्यांची पेठ. २९ फेब्रुवारी २००० रोजी नव्वदी पूर्ण केलेल्या एक आजी या रस्त्यावरून चालत संसदेकडे निघाल्या होत्या. डोक्यावर गवती हॅट, सांध्यांना संधिवात, फुप्फुसांना जुना विकार. सोबत सुमारे दोन हजार माणसे आणि शेवटचे काही मैल पावले जुळवायला आलेले काही डझन खासदार. आजींचे नाव डोरिस हॅडॉक. अमेरिका त्यांना ‘ग्रॅनी डी’ म्हणून ओळखते. १ जानेवारी १९९९ रोजी त्या कॅलिफोर्नियातल्या पॅसाडेनाहून निघाल्या, चौदा महिने चालल्या आणि ३,२०० मैल, म्हणजे पाच हजारांहून अधिक किलोमीटर तुडवून राजधानीत पोहोचल्या.

मागणी एकच होती. राजकीय पक्षांच्या तिजोरीत कंपन्यांकडून येणारा ‘सॉफ्ट मनी’ बंद करा.

हा सॉफ्ट मनी काय प्रकार होता? अमेरिकेत संसदेच्या आणि अध्यक्षपदाच्या उमेदवारांना कंपन्यांनी थेट पैसे देण्यावर १९०७ पासूनच बंदी आहे. वॉटरगेटनंतर व्यक्तीच्या देणगीवरही मर्यादा आली. पण पक्षबांधणीच्या नावाखाली, पक्षाच्या खात्यात कितीही रक्कम टाकायची वाट मोकळी राहिली. त्या पैशातून टीव्हीवर जाहिराती चालत. जाहिरातीत उमेदवाराचा चेहरा असे, त्याची स्तुती किंवा निंदा असे. फक्त ‘याला मत द्या’ किंवा ‘याला पाडा’ हे शब्द नसत. शब्द नाहीत, म्हणजे तो निवडणुकीचा प्रचार नव्हे, तर ‘प्रश्नांवरची चर्चा’! १९९२ च्या निवडणुकीत दोन्ही मोठ्या पक्षांनी या मार्गाने साडेआठ कोटी डॉलरच्या आसपास जमवले होते. २००० पर्यंत हा आकडा पन्नास कोटींच्या घरात गेला. सगळे कायद्याच्या चौकटीत, पावती फाडून. खिडकीतून पाकिटे सरकवण्याची गरजच उरली नव्हती.

ही लबाडी समजावून सांगायला वकील लागतो आणि ऐकणाऱ्याला पाचव्या मिनिटाला जांभई येते. निवडणूक निधीच्या सुधारणांचे घोडे जगभर इथेच अडते. देणगीची कमाल रक्कम किती असावी, या प्रश्नावर कुणी रस्त्यावर उतरत नाही. हॅडॉकबाईंना हे अनुभवाने कळले होते. न्यू हॅम्पशायरमधल्या डब्लिन या छोट्या गावात मैत्रिणींसोबत त्यांनी आधी सह्यांची मोहीम चालवून पाहिली. सिनेटरांकडून आली ती छापील वळणाची उत्तरे. एरवी एखाद्याने निषेधाचे आणखी एक पत्र लिहून विषय संपवला असता. या बाईंनी पाठीवर ओझे घेऊन रोज दहा मैल चालण्याचा सराव सुरू केला.

त्या काही साध्याभोळ्या खेडवळ आजी नव्हत्या, हे इथेच सांगायला हवे. १९१० चा जन्म, नाट्यशिक्षण घेतलेले, मग वीसेक वर्षे मँचेस्टरच्या बुटांच्या कंपनीत नोकरी. अलास्कात हायड्रोजन बॉम्बचे स्फोट घडवून बंदर खोदण्याची एक अचाट सरकारी योजना होती. १९६० च्या सुमारास तिच्याविरुद्ध पॉइंट होप या मूळ रहिवाशांच्या गावाची बाजू लढवणाऱ्यांत त्या आणि त्यांचे पती होते. योजना बारगळली. सरकारला नमवता येते याचा अनुभव गाठीशी असलेली बाई होती ती. नाटकाची जाणही होती. टीव्हीवाल्यांना देणग्यांच्या कायद्यात काडीचा रस नाही, पण वाळवंट तुडवणाऱ्या म्हातारीत नक्की असेल, हे त्यांनी अचूक हेरले. वयाचे भांडवल करण्याला आपल्याकडे नाक मुरडतात. या बाईंनी ते राजरोस केले आणि बरेच केले.

निघण्याची जागाही निवडून घेतलेली. पॅसाडेनाला १ जानेवारीला गुलाबपुष्पांची मोठी मिरवणूक निघते. १९५३ साली याच मिरवणुकीतून ‘पीस पिल्ग्रिम’ या नावाने ओळखल्या गेलेल्या एका स्त्रीने शांततेसाठी चालायला सुरुवात केली होती; कुणी आसरा देईपर्यंत चालायचे आणि कुणी खायला देईपर्यंत उपाशी राहायचे, हा तिचा नेम. हॅडॉकबाईंनी तोच नेम उचलला. कुठे चर्चमध्ये, कुठे कुणा अनोळखी माणसाच्या घरी मुक्काम करत त्या पुढे सरकत राहिल्या. दिवसाला दहा मैल. अ‍ॅरिझोनात अंगातले पाणी आटले, न्यूमोनिया झाला, रुग्णालयात ठेवावे लागले. बऱ्या झाल्यावर पुन्हा रस्त्यावर. चौदा महिन्यांत बुटांचे चार जोड झिजले.

शेवटचा टप्पा तर कादंबरीत लिहिला असता तर संपादकाने ‘अतिशयोक्ती’ म्हणून कापला असता. मेरीलँडमधल्या कंबरलँड गावी त्यांनी नव्वदावा वाढदिवस साजरा केला आणि त्याच सुमारास तुफान बर्फ पडले. रस्त्याच्या कडेला चालायला जागाच उरली नाही. कंबरलँडहून वॉशिंग्टनपर्यंत एक जुना कालवा जातो. त्याच्या काठाने एके काळी खेचरे मालाचे पडाव ओढत नेत. आता ती पाऊलवाट राष्ट्रीय उद्यानात मोडते. बाईंनी पायाला स्की बांधल्या आणि त्या वाटेने शंभर मैल घसरत कापले.

एवढे करून झाले काय?

लगेच, काही नाही. उलट एप्रिल २००० मध्ये संसद भवनाच्या घुमटाखाली स्वातंत्र्याचा जाहीरनामा वाचल्याबद्दल त्यांना अटक झाली. न्यायाधीशांनी कोठडीत काढलेला वेळ हीच शिक्षा धरली आणि दहा डॉलर भरायला लावून सोडून दिले. जॉन मॅकेन आणि रस फाइनगोल्ड या दोन सिनेटरांचे, एक रिपब्लिकन आणि एक डेमोक्रॅट, सॉफ्ट मनीबंदीचे विधेयक १९९५ पासून मार खात होते. त्याला शेवटचा धक्का दिला तो एका वेगळ्याच घटनेने, आणि तिच्यातले मुख्य पात्र महाराष्ट्राला चांगलेच परिचित आहे: एन्रॉन.

दाभोळच्या वीज प्रकल्पावरून इथे सरकारे हलवणारी हीच कंपनी. भारतात लोकांना प्रकल्पाविषयी ‘शिक्षित’ करण्यासाठी आणि प्रकल्पाच्या तयारीसाठी आपण दोन कोटी डॉलर खर्च केले, असे तिच्या अधिकाऱ्याने १९९५ मध्ये अमेरिकी संसदेच्या समितीपुढे सांगितले होते. नेमके कोण शिक्षित झाले यावर महाराष्ट्रात पुढे कित्येक महिने वाद रंगला. मायदेशीही एन्रॉन दोन्ही पक्षांची सढळ देणगीदार होती. २ डिसेंबर २००१ रोजी तिने दिवाळखोरीचा अर्ज केला, हजारो कर्मचाऱ्यांची म्हातारपणाची पुंजी बुडाली आणि एन्रॉनचा पैसा घेतलेल्या खासदारांना मतदारांपुढे तोंड दाखवणे जड जाऊ लागले. १४ फेब्रुवारी २००२ ला प्रतिनिधीगृहाने २४० विरुद्ध १८९ मतांनी आणि मार्चमध्ये सिनेटने ६० विरुद्ध ४० मतांनी विधेयक संमत केले. २७ मार्चला अध्यक्ष जॉर्ज बुश यांची सही झाली.

म्हणजे श्रेय पदयात्रेचे की घोटाळ्याचे? पदयात्रेच्या चाहत्यांना आवडणार नाही, पण धक्का घोटाळ्याचाच होता. फक्त असे धक्के नुसते बसून विरून जातात. चौकशी समिती नेमली जाते, दोन-चार जण तुरुंगात जातात आणि गाडी पुन्हा जुन्या चाकोरीला लागते. या वेळी तसे झाले नाही, कारण नेमके कोणते विधेयक संमत करायचे हे लाखो लोकांना आधीच तोंडपाठ होते. ते तोंडपाठ करून घेण्यात त्या बत्तीसशे मैलांचा वाटा होता. गावोगाव थांबून बाई एकच गोष्ट सांगत गेल्या. ‘राजकारण स्वच्छ करा’ अशी मोघम हाक त्यांनी दिली नाही. खासदाराला हो किंवा नाही असे एका शब्दात उत्तर द्यावे लागेल, अशीच मागणी ठेवली.

पुढची कथा मात्र कडू आहे. सिनेटर मिच मॅककॉनेल यांनी कायद्याला आव्हान दिले. २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ अशा निसटत्या बहुमताने त्याचा गाभा टिकवला. न्यायाधीश बदलले, बहुमत फिरले. २१ जानेवारी २०१० रोजी ‘सिटिझन्स युनायटेड’ खटल्यात पुन्हा ५ विरुद्ध ४ असाच निकाल लागला, पण उलट्या दिशेने: उमेदवारापासून स्वतंत्र राहून कंपन्या निवडणुकीत हवा तेवढा पैसा खर्च करू शकतात, तो त्यांच्या अभिव्यक्तीचा भाग आहे. तीनच दिवसांनी हॅडॉकबाईंनी शंभरी गाठली. ९ मार्चला त्या गेल्या. त्याच महिन्यात दुसऱ्या एका निकालाने अशा ‘स्वतंत्र’ खर्च करणाऱ्या गटांना देणग्या घेण्याची मर्यादाही उठली आणि ‘सुपर पॅक’ जन्माला आले. पक्षांना सॉफ्ट मनी घ्यायला बंदी अजून आहे; पैशाने शेजारचे दार शोधले इतकेच. २०२४ मध्ये एकट्या इलॉन मस्क यांनी निवडणुकीत २५ कोटी डॉलरहून अधिक ओतले, तेही कायदेशीर.

चालणारे थांबले नाहीत. २०१० च्या मे महिन्यात व्हिएतनाम युद्धात लढलेले दोन भाऊ सॅन फ्रान्सिस्कोहून निघाले आणि ऑक्टोबरात वॉशिंग्टनला पोहोचले. जानेवारी २०१४ मध्ये हार्वर्डचे कायद्याचे प्राध्यापक लॉरेन्स लेसिग यांनी ऐन थंडीत न्यू हॅम्पशायर राज्य उभे कापले, १८५ मैल. तरुण संगणकतज्ज्ञ अ‍ॅरन स्वार्ट्झच्या पहिल्या स्मृतिदिनी निघून हॅडॉकबाईंच्या जन्मदिनी थांबले. २०१६ च्या एप्रिलमध्ये फिलाडेल्फियाहून वॉशिंग्टनला मोर्चा आला आणि संसदेपुढच्या धरण्यांत हजाराहून अधिक जणांना अटक झाली. या मंडळींची जिद्द कमी नव्हती. त्यांच्या वाट्याला आलेली मागणी मात्र प्रचंड होती. न्यायालयाचा निकाल उलटवायचा तर घटनादुरुस्ती हवी. त्यासाठी दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मते आणि तीन चतुर्थांश राज्यांची संमती लागते. एवढ्या लांबच्या मुक्कामाला पायी निघालेला माणूस रस्त्यातच बातम्यांतून गळतो. लोकमत विरोधात आहे असेही नाही. २०१२ मध्ये कोलोरॅडो आणि माँटानाच्या, २०२४ मध्ये मेनच्या मतदारांनी अशा पैशाला लगाम घालण्याच्या बाजूने जवळपास तीन चतुर्थांश मते दिली. मेनचा कायदा लगेच न्यायालयात ओढला गेला.

मराठी वाचकाने हे सारे ‘त्यांच्याकडचे’ म्हणून सोडून देऊ नये. कंपन्यांच्या देणग्यांबद्दल या देशातला एक गंभीर इशारा मुंबई उच्च न्यायालयातून दिला गेला. टाटा स्टीलला राजकीय पक्षांना देणगी देता यावी म्हणून आपल्या घटनापत्रात बदल हवा होता. १९५७ मध्ये न्या. एम. सी. छागला यांनी कायद्याला धरून परवानगी दिली खरी, पण हा धोका वाढत जाऊन लोकशाहीचाच घास घेऊ शकतो, संसदेने वेळीच लक्ष घालावे, असे बजावले. संसदेने १९६० मध्ये मर्यादा घातली, १९६९ मध्ये देणग्यांवर पूर्ण बंदी आणली, १९८५ मध्ये ती उठवली. २०१७ मध्ये तर नफ्याच्या साडेसात टक्क्यांची मर्यादाच काढून टाकली आणि निवडणूक रोख्यांची, देणगीदाराचे नाव झाकून ठेवणारी योजना आणली. सुमारे साडेसोळा हजार कोटींचे रोखे विकले गेल्यावर, १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या घटनापीठाने ती योजना एकमताने रद्द केली. अमेरिकी न्यायालयाने दार उघडले, आपल्या न्यायालयाने लावून घेतले. पण त्या दारापर्यंत प्रकरण नेले ते याचिकाकर्त्या संस्थांनी. रस्त्यावर त्यासाठी कुणी चालले नाही.

चालण्याचे आपल्याला वावडे आहे म्हणावे, तर तसेही नाही. विनोबा तेरा-चौदा वर्षे भूदानासाठी चालले. चंद्रशेखर १९८३ मध्ये कन्याकुमारीहून दिल्लीला पायी गेले. आंध्रात वाय. एस. राजशेखर रेड्डी २००३ मध्ये चालले आणि पुढच्याच वर्षी मुख्यमंत्री झाले. पुढे त्यांच्या मुलानेही तोच रस्ता धरला. विनोबांचा अपवाद सोडला तर आपल्या पदयात्रेच्या टोकाला बहुधा खुर्ची असते. हॅडॉकबाईंच्या वाटेच्या टोकाला एक विधेयक होते. त्यांनी २००४ मध्ये, चौऱ्याण्णवाव्या वर्षी, सिनेटची निवडणूकही लढवली. ३४ टक्के मते मिळाली आणि त्या हरल्या. चालून झाल्यावर चार वर्षांनी, आयत्या वेळी पक्षाचा उमेदवार मागे हटला म्हणून.

आपल्याकडे लोकसभेच्या उमेदवाराला मोठ्या राज्यात ९५ लाख रुपयांची खर्चमर्यादा आहे आणि त्याच्या पक्षाला कसलीच नाही. वीस हजार रुपयांपर्यंतच्या देणगीदारांची नावे पक्षांना जाहीर करावी लागत नाहीत. या दोन्ही गोष्टी संसदेला साध्या कायद्याने बदलता येतात, घटनादुरुस्तीची गरज नाही. पुढच्या निवडणुकीआधी एखादी पदयात्रा तुमच्या गावातून गेली, तर चालणाऱ्यांना पाणी जरूर द्या आणि पुढाऱ्याला थांबवून विचारा: पक्षाच्या खर्चाला मर्यादा घालण्याच्या विधेयकाला तुमचे मत हो की नाही?