पट्टकृमी आणि औषधाचा विवेक

जंतनाशक दिनी शाळेत अल्बेंडाझोलची गोळी दिली, की आता पट्टकृमीचीही चिंता मिटली, असे पुष्कळ पालक समजतात. आम्हांस सांगावयाचे ते इतकेच, की ही गोळी मुख्यत्वे गोल जंतांसाठी आहे. आतड्यातील पट्टकृमीवर प्राझिक्वांटेल अथवा निक्लोसामाइड देतात. प्राझिक्वांटेलने कृमीचे स्नायू आखडतात व त्याची पकड सुटते. परंतु येथेच सावधगिरी हवी. डुकराच्या अर्धकच्च्या मांसातून ज्याला पट्टकृमी झाला, त्याच्या विष्ठेतील अंडी न धुतलेल्या भाजीतून शाकाहारी घरातही पोहोचतात. त्यांचे कोश मेंदूत रुजल्यास फेफरे येते. अशा रुग्णास हे औषध परस्पर दिल्यास मेंदूस सूज येऊन झटके बळावू शकतात. म्हणून घरात कोणास फेफरे येत असल्यास ते डॉक्टरांस आधी सांगावे, गोळी मागाहून घ्यावी.